खेकड्याने कालवलेला गाळ

माणसांनी विहिरी खणायच्याही आधीची गोष्ट. एका तळ्यात एक म्हातारी कासवीण राहत होती. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की ती पूर्वजांचे गाणे म्हणे. देवाने हे तळे एका दिवसात घडवले, तो आपल्याला विसरणार नाही, असे त्या गाण्यात होते. ते ऐकत मासोळ्या धीर धरून खोल डोहात थांबत.

एका खेकड्याचा त्या गाण्यावर फार जीव होता. एकदा बेडूक त्याला म्हणाला, "एका दिवसात कुठे तळं होतं का?"

खेकडा दुखावला. पुरावा शोधायला त्याने काठ खणला, तर गाळाचे शेकडो थर निघाले, दर पावसाळ्याचा एक. त्याने नांग्यांनी ते सगळे कालवले आणि सर्वांना बोलावून म्हणाला, "बघा, एकच थर आहे, एकाच दिवसाचा."

बेडकाने शेजारीच खणून खरे थर दाखवले.

पुढच्या उन्हाळ्यात कासविणीने गाणे सुरू केले, तेव्हा मासोळ्या म्हणाल्या, "आजी, हे खोटं गाणं आता पुरे." त्या डोह सोडून दुसरीकडे पाणी शोधत उथळात गेल्या आणि बऱ्याचशा चिखलात अडकून मेल्या.

खेकडा कासविणीपाशी आला. "आजी, मला गाणं पक्कं करायचं होतं."

"ते गाळाबद्दल नव्हतंच रे," ती म्हणाली. "थर मलाही ठाऊक होते. विचारलं असतंस तर मीच दाखवले असते."

पाऊस आला, तळे भरले, नव्या मासोळ्या आल्या. कासवीण पुन्हा गायली नाही, आणि खेकड्याला ते गाणे पूर्ण येत नव्हते.