घारीच्या डोळ्यांतलं पाणी

नदीकाठाला भिंती नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. काठावरच्या एकुलत्या एका बाभळीच्या बेचक्यात घारीचं घरटं होतं. तिथून सगळी नदी दिसे. तरी तिचा डोळा खाली लव्हाळ्यांत राहणाऱ्या पाणकोंबडीवर. हिची पिलं घरातून पाऊल टाकतात ते थेट पाण्यात! ते सुख घारीला बघवेना.

तिने काठाची पंचायत बोलावली. "लव्हाळ्यांतल्या घरांनी काठाची शोभा जाते. यापुढे घर बांधायचं ते झाडावरच."

"अहो घारताई, माझी अंडी आहेत तिथं!"

"शोभा सगळ्यांची असते, बाई."

पंच होते बेडूक आणि उंदीर. घारीपुढे नाही कोण म्हणणार?

लव्हाळी उपटली गेली, अंडी वाहून गेली. पाणकोंबडी दिवसभर रडली. मग तिने नियम पाळला. ती, तिच्या बहिणी, जावा, नणंदा, सगळ्यांनी बाभळीच्या पाण्याकडच्या फांद्यांवर घरटी बांधली.

"हटा गं! मला नदी दिसत नाही," घार किंचाळली.

"हटून जाऊ कुठं, घारताई? खालची जागा तुम्हीच बंद केलीत," पाणकोंबडी म्हणाली. "इथून नदी मात्र छान दिसते हं."