टिंगीच्या दुपारच्या गाण्याबाबत

विषय : टिंगी कोळंबीचं दुपारचं गाणं हरवल्याबाबत.
संदर्भ : समुद्र. सगळा.

वरील विषयी निवेदन असे, की टिंगी ही एक इवलीशी कोळंबी होती. घाईत असली की ती उलटी पोहायची. चुळुक चुळुक! आधी शेपूट यायचं, मग टिंगी यायची.

पूर्वी रोज दुपारी देवमाशीण आजी गायची. ऊंऽऽऽ ऊंऽऽऽ! सगळा समुद्र पाळण्यासारखा हलायचा. लांबून, फार लांबून आजीची बहीण उत्तर द्यायची. ओंऽऽऽ! टिंगी गाढ झोपायची. काय दुपारी होत्या त्या!

मग मशीनची होडी आली. घर्रर्र घर्रर्र! आजी गप्प झाली. टिंगी जागीच राहिली.

टिंगी गेली आजीकडे. चुळुक चुळुक!

"आजी, आजी, गा ना!"

"मी नाही जा! माझं गाणं बहिणीला पोचत नाही. तिचं उत्तर मला येत नाही. होडी गप्प बसली, तर मी गाईन."

टिंगी गेली होडीकडे. चुळुक चुळुक!

"होडीबाई, होडीबाई, गप्प बस ना!"

"का गं?"

"आजी गाईना, मला झोप येईना!"

"मी नाही जा! तांडेलाने मशीन बंद केलं, तर मी गप्प बसेन."

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. नाव पोशा. त्याला कोळंबी फार आवडायची. कालवणात. म्हणून टिंगी लांबूनच बोलली.

"पोशाकाका, पोशाकाका, मशीन बंद करा ना!"

"कशाला गो?"

"होडी गप्प बसेना, आजी गाईना, मला झोप येईना!"

"मी नाही जा! घरी काय पोहत जाऊ? शीड फुगलं, तर मशीन बंद करीन."

शीड म्हणजे होडीचं मोठ्ठं कापड. पूर्वी होडी त्याच्यावरच चालायची. आता ते काठीवर नुसतं लोंबायचं. सेवानिवृत्त.

"शीडआजोबा, शीडआजोबा, फुगा ना!"

"का गं?"

"तांडेल ऐकेना, होडी गप्प बसेना, आजी गाईना, मला झोप येईना!"

"मी नाही जा! आपलं आपण कोण फुगतं? बेडूक. वारा आला, तर मी फुगेन."

वारा पाण्यावर पसरून घोरत होता. घुर्र... फूं. घुर्र... फूं.

"वारेमामा, वारेमामा, उठा ना!"

"का गं?"

"शीड फुगेना, तांडेल ऐकेना, होडी गप्प बसेना, आजी गाईना, मला झोप येईना!"

"मी नाही जा! दुपारचं कोण उठतं? कुणी मोठ्ठी फुंकर मारली, तर उठेन."

टिंगीने फुंकर मारली. फुक्! एक बुडबुडा निघाला. वाऱ्याने कूस बदलली.

मोठ्ठी फुंकर कुणाची? टिंगी पुन्हा आजीकडे. चुळुक चुळुक!

"आजी, आजी, फुंकर मार ना!"

"का गं?"

"वारा उठेना, शीड फुगेना, तांडेल ऐकेना, होडी गप्प बसेना, तू गाईनास, मला झोप येईना!"

"मी नाही..." आजी म्हणाली, आणि थांबली. तिला श्वास घ्यायचा होता. देवमासे पाण्यात राहतात, पण श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. श्वासाला "मी नाही जा" म्हणता येत नाही.

आजी वर आली. वर, वर, वर.

फूऽऽऽस्स!

उंच कारंजं उडालं. वारा भिजला. आँक्छी! वारा उठला.

वारा उठला, शीड फुगलं. शीड फुगलं, तांडेलाने मशीन बंद केलं. मशीन बंद झालं, होडी गप्प बसली. होडी गप्प बसली, आजी गायली.

ऊंऽऽऽ ऊंऽऽऽ!

पोशा तांडेलाने होडीच्या लाकडाला कान लावला. "माझा बापूस असाच ऐकायचा," तो हळूच म्हणाला.

आजी थांबली. सगळे थांबले.

लांबून, फार लांबून...

ओंऽऽऽ!

"आहे गं बाई, आहे!" आजी म्हणाली.

टिंगीचे डोळे मिटायला लागले. तरी तिने लांबूनच एक अर्ज केला.

"पोशाकाका, रोज दुपारी असंच कराल?"

"बघू गो," पोशा म्हणाला.

टिंगी झोपली. पोशा अजून बघतो आहे. अर्ज प्रलंबित आहे.