घंटा, कळशी आणि नवं दावं

घाटांना वाटा होत्या, पण वाटांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळी घाटमाथ्यावर सटवाजी नावाचा एक गाडीवान राहत होता. कुंभारांची मडकी गाडीत भरून तो घाटाखालच्या बाजारात नेई. त्याच्या जोडीतला गुंड्या बैल म्हातारा होत आला होता, पण सटवाजीचा त्याच्यावर भारी जीव.

घाटातल्या गाड्यांना एक सोय असे. दांडा खाली ओढला की लाकडी ठोकळा चाकावर दाबला जाई आणि गाडी आवरे. ठोकळा झिजला की दांडा जास्तच खाली येई आणि त्याखालची घंटा वाजे. घंटा वाजली की घाट उतरायचा नाही, असा त्या मुलखाचा रिवाज होता.

एके दिवशी सटवाजीची घंटा वाजू लागली. सपाट रस्त्यावरही किणकिण थांबेना.

शेजारचा गाडीवान हसला. "अरे, घंटेत चिंधी कोंब. माझ्या घंटेत वर्षभर चिंधीच आहे. वाजतच नाही, तर भ्यायचं कशाला?"

सटवाजीला ते पटेना. तो सुताराकडे गेला. सुतार जागचा उठलासुद्धा नाही. लांबूनच घंटा ऐकून म्हणाला, "दोन्ही चाकं गेली, कणाही गेला. सगळंच नवं घालावं लागेल."

एवढे पैसे आणायचे कुठून? सटवाजीने मन घट्ट केलं आणि गुंड्याला विकायचं ठरवलं. विकायच्या जनावराला नवं दावं बांधून बाजारात न्यायची रीत होती. ते बांधताना त्याला रडू आवरेना.

तेव्हा गुंड्या बोलला. त्या काळी बैल बोलत, पण क्वचितच. माणसं ऐकून घेत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

"धनी, विकायचं तर विका. पण आधी सांगा, घंटा कधीपासून वाजतेय?"

"कालपासून."

"गाडी तर गेल्या बाजारापासूनच जड झालीय. पण ओढणाऱ्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्या बाजारातून तुम्ही काय आणलंत?"

"पाण्याची पितळी कळशी. का रे?"

"आणि ती टांगलीत कुठे?"

सटवाजीने गाडीकडे मान वळवली. भरलेली कळशी दांड्याच्या टोकाला लटकत होती. तहान लागली की हाताशी असावी म्हणून त्यानेच ती तिथे अडकवली होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" गुंड्याने कान हलवले.

सटवाजीने कळशी काढली. दांडा वर गेला. गाडी ढकलली, तर चाक मोकळं फिरलं आणि घंटा गप्प राहिली. आनंदाने तो गाडी जुंपून लगेच निघाला, पण गुंड्या जागचा हलेना.

"थांबा, धनी. आता दांडा ओढून बघा."

ओढला, तर घंटा पुन्हा किणकिणली. आठ दिवस चाकाला घासून ठोकळा खरोखरच झिजला होता. सटवाजीने परसातल्या बाभळीचा नवा ठोकळा तासून बसवला. खर्च काय, तर अर्धा दिवस आणि थोडा घाम. मग दांडा ओढला, तरी घंटा वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी सुखरूप घाट उतरू लागली. पहिल्याच वळणावर शेजारी डोक्याला हात लावून बसलेला दिसला. त्याचा ठोकळा कधीच झिजून संपला होता. गाडी दरडीवर आदळून सगळ्या मडक्यांची खापरं झाली होती. नशीब, बैल वाचले होते. घंटेतली चिंधी मात्र जागच्या जागी होती.

सटवाजीने त्याला आपल्या गाडीत घेतलं. शेजाऱ्याच्या घशाला कोरड पडली होती. "तुझी कळशी कुठंय?" त्याने विचारलं.

"मागे बघ."

कळशी गाडीच्या मागच्या बाजूला टांगलेली होती, गुंड्याच्या गळ्यातून सोडलेल्या नव्या दाव्याने.

तात्पर्य: इशाऱ्याचं तोंड बांधू नये आणि त्याला भिऊन घरदारही विकू नये, आधी आपल्या हाताशी काय आहे ते वाकून बघावं.