सावनखिंडीतले तीस दगड

वाटेकडेची ही दगडांची ओळ हवी तर मोजून घ्या, तीस भरतील. गाव आमचं मराठी, पण खिंड मात्र सावनखिंड. श्रावणखिंड का नाही, हे प्रत्येक पाहुणा विचारतोच.

पौर्णिमेला चंद्र श्रवण नक्षत्राजवळ असतो, म्हणून तो महिना श्रावण. तमिळात तोच आवणी, खिंडीपलीकडे निमाडात सावन. उच्चाराचा काय तो फरक, असं आमच्या पूर्वजांना वाटलं आणि तिथेच ते फसले. आपला महिना अमावास्येला संपतो, निमाडवाल्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा वद्य सावन म्हणजे आपला वद्य आषाढ. शुद्ध पक्ष तेवढा दोघांचा एक.

तर इथल्या सोनाजीची लेक पार्बता म्हणे निमाडात दिलेली. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी यायचं होतं. सासऱ्याने निरोप धाडला, "सावन वदी पंचमीला खिंडीत पोचवतो. न्यायला कुणी आलं नाही, तर माहेर कायमचं तुटलं." सोनाजी मोठा वक्तशीर. त्याने पंचांगात श्रावण वद्य पंचमीवर हळदीचं बोट उमटवलं आणि निश्चिंत झाला.

पार्बता आषाढातच आली. खिंडीत कुणीच नव्हतं. दीर परत चल म्हणाला, ती हलली नाही. माझा बाप विसरायचा नाही, एवढंच म्हणाली. तो रागाने तिला तिथेच सोडून गेला. मग झमकू गवळणीने तिला आपल्या झोपडीत घेतलं. पार्बता रोज वाटेवर येऊन एक दगड मांडायची. विसाव्या दगडाला तिला मुलगी झाली, पुढचे झमकूने मांडले, असे सांगतात.

तिसाव्या दिवशी सोनाजी नवं लुगडं घेऊन हसत चढून आला. लेकीच्या मांडीवर बाळ पाहून चकित झाला. "इतक्या लवकर कशी आली वं?"

"मी त येळेवरच आली, बा. तुमचाच महिना उशिरा आला."

सोनाजी त्या शेवटच्या दगडावर मटकन बसला आणि ढसाढसा रडला म्हणे. नातीचं नाव त्याने सावनी ठेवलं, आणि खिंडीलाही तेच चिकटलं.

आजही आमच्या गावात ज्याची लेक पलीकडे दिलेली असते, तो बाप आषाढ वद्य पंचमीला इथवर चढून येतो. माझी लेक खांडव्याला आहे. ती कधी येणार ते फोनवर कळतं. तरी मी येतो, तासभर बसतो, आणि खिंडीत कुणी नाही हे पाहूनच खाली उतरतो.