नाव न घेतलेलं औषध

"पण बुवा, निसर्गानं दिलेलं श्रेष्ठ, की माणसानं बनवलेलं? एवढंच सांगा."

चिंतामणबुवांनी सुपातली तूरडाळ जवळ ओढली, एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला.

कालिंदीला हे नवं नव्हतं. बावीस वर्षं ती या टेकडीवरच्या मठात येत होती, मुक्काम करत होती. बुवांचं गप्प बसणं तिच्या चांगल्या परिचयाचं होतं. आज मात्र ते तिला सोसवेना. ती उठली, ओसरीच्या टोकापर्यंत गेली, परत येऊन बसली.

"माझ्या शिबिरातली एक बाई आहे," ती म्हणाली. "तिच्यासाठी विचारतेय."

"हं."

"तिची थायरॉइडची ग्रंथी काढलीय. गळ्यातली. गाठ झाली होती. त्या ग्रंथीतून शरीराला जे मिळायचं, ते आता बाहेरून घ्यावं लागतं. जन्मभर."

"मग घेते का?"

"घेते ना. पण त्यात दोन प्रकार आहेत. एक पांढरी गोळी, कारखान्यात रसायनांपासून केलेली. आणि दुसरं नैसर्गिक. खरीखुरी ग्रंथी वाळवून तिची पूड केलेली. आता तुम्हीच सांगा, देहाला काय मानवणार? नैसर्गिकच ना?"

"तिला काय मानवलं?"

कालिंदीने पदर सारखा केला. मग पुन्हा एकदा केला.

"ते... अजून कळायचंय."

बुवांनी आणखी एक खडा उचलला.

कालिंदी रणपिसे हे नाव आसपासच्या तीन तालुक्यांत माहीत होतं. योगाची शिबिरं घ्यायची, बोलायची झोकात, आणि बोलण्यात कुणाला हार जायची नाही. मातीतून आलेलंच पोटात जावं, हे तिचं वाक्य कितीतरी बायकांनी स्वयंपाकघरात लिहून लावलं होतं. तिच्या सांगण्यावरून लोकांनी साखर सोडली, चहा सोडला, एकाने तर टूथपेस्ट सोडली आणि बायकोशी भांडण ओढवून घेतलं.

येत्या माघी पौर्णिमेला बुवा मठ कुणाच्या तरी हाती सोपवणार होते. नाव उघडपणे कुणी घेत नव्हतं, पण सगळ्यांच्या नजरा कालिंदीकडे होत्या. तिलाही मठ हवा होता. अगदी मनापासून हवा होता. पौर्णिमा आता नऊ दिवसांवर आली होती, आणि तिच्या जिवाला एकच घोर होता. औषधावर जगणाऱ्या बाईला बुवा मठ देतील का?

कारण शिबिरातली ती बाई म्हणजे कालिंदीच होती. गळ्यावरचा बारीकसा व्रण ती तुळशीच्या माळेखाली झाकत असे.

अकरा वर्षं तिने पांढरी गोळी मुकाट घेतली होती, आणि अकरा वर्षं तिची तब्येत ठणठणीत होती. मग दिवाळीनंतरच्या शिबिरात एका मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, तुम्ही कुठलं औषध घेता का हो?" आणि कालिंदी पटकन "नाही" म्हणून गेली. दीडशे बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पांढरी गोळी तिच्या घशाखाली उतरेना.

मग कुणाच्या तरी ओळखीने परदेशातून त्या तपकिरी कॅप्सूल आल्या. नैसर्गिक म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. किती घ्यायच्या, ते तिने आपल्या मनानेच ठरवलं. सकाळी एक, दुपारी एक. नैसर्गिक वस्तू थोडी जास्त झाली तर काय बिघडतं, असं तिला वाटलं.

तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. बसल्या जागी छाती धडधडायची. थंडीच्या दिवसांत घाम फुटायचा. वजन उतरलं होतं, डोळे चमकत होते आणि शिष्या म्हणत होत्या की ताईंच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय! घामाला तेज म्हणणाऱ्या शिष्या मिळाल्या की गुरूची धडगत नसते.

आतून हौसाबाईची हाक आली. "पानं वाढली वं!"

हौसाबाई मठाचं स्वयंपाकघर सांभाळायची. आज आडवार होता, गर्दीचा दिवस नव्हे, त्यामुळे जेवायला तिघंच होती. तीन पत्रावळी, भाकरी, पिठलं, मीठ, ताक.

या मठात देवाचा श्लोक म्हणून जेवायची रीत नव्हती. इथे पानात जे जे पडलं, ते ज्याच्यामुळे आलं त्याचं नाव घ्यायचं आणि मगच घास उचलायचा. नाव ठाऊक नसेल तर चौकशी करायची. चौकशी होईपर्यंत तो पदार्थ पानातच राहायचा.

हौसाबाईने हात जोडले. "जवारी भिकू जगतापाच्या रानातली. हरबऱ्याचं पीठ दळलं कमळीनं. मीठ आगरावरचं, आनलं रशीद टेंपोवाल्यानं. ताक आपल्या चांदी गाईचं, आन् तिच्या वासराच्या वाटनीचं."

बुवांनी मान डोलावली. "कालिंदी, तुझं?"

कालिंदी पाण्याच्या माठापाशी पाठमोरी उभी होती. दुपारची कॅप्सूल तिने तळहातावर घेतली होती. घास उचलायच्या आत ती गुपचूप गिळायची, हा तिचा रोजचा शिरस्ता. पण हात ऐनवेळी थरथरला. कॅप्सूल निसटली, शेणाने सारवलेल्या जमिनीवरून गडगडत गेली आणि बुवांच्या पत्रावळीला टेकून थांबली.

बुवांनी ती दोन बोटांत उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि कालिंदीच्या पानात, मिठाशेजारी, वाढावी तशी ठेवली.

"ये. बस."

ती येऊन बसली.

"नाव घे."

"बुवा, हे औषध आहे. जेवण नाही."

"पानात पडलंय."

तिने कॅप्सूलवरची नजर मिठाकडे वळवली.

"पिठलं निवतंय," बुवा म्हणाले. त्यांनी स्वतःचा हातही पानाला लावला नाही. हौसाबाईनेही उचललेला तुकडा खाली ठेवला.

कालिंदीच्या कानांत ठोके वाजू लागले. ते कॅप्सूलचे की भीतीचे, हे आता तिलाही कळत नव्हतं. बाटलीवरचं लेबल तिने पहिल्याच दिवशी गरम पाण्यात भिजवून सोलून काढलं होतं. पण काढण्याआधी वाचलं होतं. वाचलेलं कसं सोलून काढणार?

"एका प्राण्याच्या ग्रंथीपासून करतात," ती शेवटी म्हणाली.

"कुठल्या?"

तिने पत्रावळीची कड सारखी केली.

"ताक चांदी गाईचं, असं हौसा म्हणाली. नुसतं जनावराचं नाही म्हणाली."

कालिंदीने डोळे मिटले.

"डुकराच्या."

हौसाबाईचा हात तोंडावर गेला. गेली कित्येक वर्षं या बाईने तिला कांद्याच्या पातीवरूनसुद्धा बोल लावले होते.

बुवांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी पानातल्या त्या तपकिरी दाण्याला हात जोडले. खरोखर जोडले, थट्टेने नव्हे.

"किती दिवस घेतेस?"

"तीन महिने."

"तीन महिने ते बिचारं तुझ्यासाठी जिवानिशी जातंय, आणि तू आज त्याचं नाव घेतलंस. तेही मी बसवलं म्हणून."

कालिंदीला रडू कोसळलं. लाज, राग, थकवा, सगळं एकदम बाहेर आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि रडता रडताच ती भांडायला उठली, कारण स्वभाव कुठे जातो!

"म्हणजे हे वाईट, असंच ना? मग सरळ सांगा ना! पांढरी चांगली म्हणा!"

"मला काय विचारतेस? मी चौथी नापास. डॉक्टरला विचारलंस?"

"नाही."

"का गं?"

"ते रक्त तपासायला सांगतील."

"मग?"

"रक्त खरं सांगेल, बुवा."

बुवा हसले. पहिल्यांदाच हसले. "हात पुढे कर."

तिने हात पुढे केला. बोटं पसरली होती. बुवांनी पत्रावळीचं एक सुटं पान उचललं आणि तिच्या बोटांवर आडवं ठेवलं. दार लावलेलं होतं, वारा कुठेच नव्हता. तरी पान थरथर कापत होतं. तिघंही ते बघत राहिली.

"हे कापणं कसलं गं?" बुवांनी विचारलं. "नैसर्गिक, की कृत्रिम?"

तिने हात मागे घेतला.

"उद्या पहिल्या एसटीनं डॉक्टरकडे जा. ही बाटली ने. किती घेतलीस ते सांग, आपल्या मनानं घेतलीस हेही सांग. तो देईल ते घे."

"तो पांढरीच देईल."

"दे म्हणावं."

"पण तिच्यासाठी नाव कुणाचं घेऊ?" कालिंदी कळवळून म्हणाली. ही मात्र तिची खरी अडचण होती. बावीस वर्षं या पंगतीत बसलेल्या माणसालाच पडेल अशी. "ती यंत्रातून येते, बुवा. रसायनं. तिच्यात ना रान, ना गाय, ना कमळी. अकरा वर्षं मी ती इथे चोरून घेतली, कारण पानात ठेवली असती तर म्हणणार काय होते?"

"यंत्र आपोआप चालतं?"

"माणसं चालवतात."

"मग डुकराचं नाव जमलं. माणसांचं काय म्हणून जमू नये?"

कालिंदी पानाकडे बघत राहिली. पिठल्यावर साय धरली होती. हौसाबाईने हळूच ताकाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. तिने ते घेतलं नाही.

"बुवा."

"हं."

"शिबिरातली ती बाई..."

"ओळखतो मी तिला."

"मी दीडशे बायकांपुढे खोटं बोलले. त्यांतल्या कुणी माझं ऐकून आपली गोळी सोडली असेल, तर..." तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, तेव्हा कुठे ते थांबले. "पुढच्या शिबिराची वाट नाही बघणार. डॉक्टरकडून आले की एकेकीला फोन करून सांगते. माझ्या गळ्यात ग्रंथी नाही, गोळी घेतल्याशिवाय मी उभी राहू शकत नाही, असं."

"सांग."

"मग कोण मला ताई म्हणणार? आणि मठात तरी..." जे तिला सगळ्यात हवं होतं, ते हातातून सोडताना तिचा आवाज अगदी लहान झाला. "पौर्णिमेला तुम्ही मठ दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या."

बुवांनी तिच्या पानातली कॅप्सूल उचलली, कागदाच्या कपट्यात बांधली आणि डॉक्टरला दाखवायला म्हणून तिच्या हातात दिली. मग भाकरीचा तुकडा मोडला. तिघंही जेवू लागली.

"ती पांढरी गोळी," बुवांनी मधेच विचारलं, "घ्यायची कधी असते?"

"उठल्या उठल्या. उपाशीपोटी, पाण्याबरोबर."

"आणि मग?"

"मग तासभर काही नाही. चहा नाही, दूध नाही, काही नाही."

"इथे पहाटे उठलं की सगळे मिळून काढा घेतात. तू इतकी वर्षं काय करायचीस?"

कालिंदीने मान खाली घातली. "मी म्हणायचे, माझा उपास आहे."

"बया बया!" हौसाबाईला राहवेना. "आन् आमी म्हनायचो, काय ह्या बाईचं तप! मी तर तुमचं बगून दोनदा उपास धरला, चक्कर यून पडले!"

कालिंदी आधी ओशाळली. मग हौसाबाईकडे बघता बघता तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुन्हा भरले. बुवा ताक पीत होते. त्यांनी भांडं रिकामं करून खाली ठेवलं.

"हौसे."

"जी."

"पौर्णिमेपासून पहाटेचा काढा तासभर उशिरा करायचा. सगळ्यांचा."

"अगं बाई, तासभर?" हौसाबाईचे डोळे विस्फारले. "तुमाला तर डोळं उघडल्याबरूबर लागतो. समद्यांनी बसून ऱ्हायचं? ते कशापायी?"

बुवांनी पत्रावळ दुमडली, आणि उठता उठता म्हणाले,

"मठाच्या बाईंची गोळी अंगी लागायला तेवढा वेळ लागतो."