एक गोष्ट, एकच जागा

"...पण मास्तर, आवडलं की नाही, एवढं तरी सांगा!"

शांतवन मास्तर मिशीला पीळ देत राहिले. समोर टेबलावर लॅपटॉप उघडा, नाकावर चष्मा.

हेमांगी साळवे खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. पुण्याहून सकाळची पहिली गाडी पकडून ती नगरला आली होती, ती या एका उत्तरासाठी.

"वाचलं," मास्तर म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

"मग?"

मास्तरांनी चष्मा वर सरकवला.

"मास्तर!"

"देखणं झालंय."

हेमांगी फुलली. आणि का फुलू नये? मास्तरांच्या तोंडून 'देखणं' हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. पोलीस बँडमध्ये बँडमास्तर म्हणून हयात घालवलेला माणूस हा. याच्यापुढे परेडचे साहेबसुद्धा बूट पुसून यायचे, असं लोक सांगतात. फ्रॉकातली हेमांगी क्लॅरिनेट शिकायला यायची, तेव्हापासून त्यांनी तिच्या हजार चुका काढल्या, पण शाबासकी म्हणून द्यायचे ते फक्त एक हुंकार. त्या हुंकारावरसुद्धा पोरगी आठवडाभर नाचायची.

आता हे प्रकरण काय ते सांगतो.

संगणकावर संगीताचं नोटेशन लिहायचं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे आणि खुलं आहे, म्हणजे कोणीही वापरावं, कोणीही आत शिरून सुधारावं. जगभरातली हौशी मंडळी मिळून ते सांभाळतात. पगार नाही, भत्ता नाही, उलट घरच्यांची बोलणी खायची. हेमांगी त्यांतली एक. दिवसा कंपनीची नोकरी, उरल्या वेळात हे.

त्या सॉफ्टवेअरची वापरपुस्तिका म्हणजे नुसता गोंधळ होता. ज्याला जे सुचलं त्याने ते लिहिलं, आणि जिथे जागा दिसली तिथे कोंबलं. एकच सूचना या प्रकरणात आहे, त्या प्रकरणात आहे, आणि शेवटी तळटीपेत पुन्हा आहेच. वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणाऱ्यांना विसराळूपणाचा आजार झालाय.

सगळे कुरकुरत होते, हात कोणी लावत नव्हतं.

हेमांगीने पदर खोचला. पुस्तिका मुळापासून उसवली आणि नव्याने शिवली. सूर लिहिण्याचं एक प्रकरण, शब्द लिहिण्याचं एक, पानं मांडण्याचं एक, छपाईचं एक. नियम एकच ठेवला आणि तो डोळ्यांत तेल घालून पाळला: एक गोष्ट, एकच जागा. दुसऱ्यांदा दिसली की काट. पुस्तिका निम्मी झाली. काय सुबक झाली म्हणता!

आणि उद्या मतदान होतं. जगभरातली मंडळी इंटरनेटवर जमणार होती आणि ठरवणार होती, की हीच पुस्तिका अधिकृत करायची का. होणार हे जवळपास पक्कंच होतं. झाली, की पहिल्या पानावर नाव लागणार: संपादक, हेमांगी साळवे. जगात जिथे जिथे ते सॉफ्टवेअर, तिथे तिथे ते नाव. तिच्या आईने पेढे सांगून ठेवले होते. गल्लीत कोणाला कळायचं राहिलं नव्हतं.

हेमांगीला मात्र त्याआधी मास्तर हवे होते. जगाचं मत उद्या, मास्तरांचं आज.

म्हणून तिने आठवड्यापूर्वीच पुस्तिका त्यांना पाठवून दिली होती.

"नुसतं वाचलं नाही," मास्तर म्हणाले, "वापरूनही बघितलं."

"खरंच?"

"मी रचलेला बँडचा मार्च घातला त्यात. सुगीच्या सणाला चर्चच्या बँडला द्यायचाय. सगळा घातला. मग क्लॅरिनेटची प्रत काढली."

बँडमध्ये अख्खं नोटेशन फक्त मास्तरपुढे असतं. बाकी प्रत्येकाला आपापल्या वाद्यापुरती वेगळी प्रत. ती काढायची कशी, यावर हेमांगीने एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं होतं, आणि त्या प्रकरणावर तर तिचा फार जीव होता.

"अडलं कुठे?"

"कुठेच नाही. तू लिहिलंयस तसं करत गेलो. अक्षरन् अक्षर. पदरचं काही घातलं नाही."

हेमांगीला आभाळ ठेंगणं झालं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर बोरूने आणि टाकाने नोटेशन लिहिलेला, आणि तो तिच्या पुस्तिकेवरून न अडखळता प्रत काढतो! उद्याच्या सभेत हे सांगायचंच, असं तिने मनात ठरवूनही टाकलं.

"बघू दे ना."

मास्तर उठले. कपाटातून त्यांनी आपली क्लॅरिनेट काढली, स्टँड तिच्यापुढे सरकवला आणि छापलेली प्रत त्यावर ठेवली.

"बघायचं काय त्यात? वाजव."

हेमांगीने पहिली दोन पानं नजरेखालून घातली. छपाई झक्क होती. सूर मोत्यांसारखे, ओळी एका मापाच्या, कागदाचा टिचभर तुकडा वाया गेलेला नाही. तिने क्लॅरिनेट ओठांना लावली.

मार्च उचलला. सवय मोडली होती, पण बोटं विसरली नव्हती. मास्तर पायाने ताल धरून उभे. पहिलं पान सरलं, शेजारचं दुसरं सुरू झालं. आता लय चढली, सूर भराभरा धावायला लागले, दोन्ही हातांची सगळी बोटं कामाला. हेमांगी खुशीत आली. अजून येतंय की आपल्याला!

आणि धावता धावता पान संपलं.

पुढचा सूर पानाच्या मागे.

हेमांगीने डावा हात सोडला आणि पान पकडायला गेली. क्लॅरिनेट किंचाळली.

मास्तरांचा पाय थांबला.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा तेच. या वेळी पान उलटलं खरं, पण सगळीच प्रत स्टँडवरून घसरून जमिनीवर गेली.

"पुन्हा."

"अहो मास्तर, पुन्हा काय पुन्हा! पान कसं उलटू? हात कुठेत मला? ही कुठली जागा झाली पान संपायची? दोन ओळी वर आठ मापांची रेस्ट आहे ना क्लॅरिनेटला? गप्पच बसायचंय तिथे. पान तिथे उलटायचं. त्या रेस्टवरच पान थांबवायचं असतं, आणि धावते सूर पुढच्या पानावर ढकलायचे असतात. खाली कोरं राहिलं तर राहू दे. हे तर तुम्हीच शिकवलंत मला!"

"शिकवलं होतं."

"मग अशी काय काढलीत प्रत?"

मास्तरांनी जमिनीवरची पानं गोळा केली, टेबलावर ठोकून सारखी केली.

"तुझ्या पुस्तकात नव्हतं."

"नव्हतं? आहे! मी स्वतः लिहिलंय!" हेमांगीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. तरातरा बोटं चालली. "हे बघा. 'पान शक्यतो वाद्याच्या विश्रांतीच्या जागी उलटेल असे पाहावे.' चित्रासकट दिलंय."

"हे कोणतं प्रकरण?"

"पानांची मांडणी."

"मी कोणतं उघडलं होतं?"

"...वाद्यांच्या प्रती."

"त्यात आहे?"

"त्यात कशाला असेल? इथे आहे ना! एक गोष्ट, एकच..."

हेमांगी थांबली.

मास्तर चष्मा काढून पुसत बसले.

"जुन्या पुस्तिकेत होतं," हेमांगी म्हणाली. आवाज खाली आला होता. "प्रतींच्या प्रकरणातही होतं. दोन्हीकडे."

"होतं. मी जुनीही वाचली."

"मीच काढलं ते तिथून."

"हं."

हा तो हुंकार नव्हता. हेमांगीला ते बरोबर कळलं, आणि तिला राग आला. आधी मास्तरांचा आला. राग आधी दुसऱ्याचाच येतो.

"पण तुम्हाला तर ठाऊक होतं! चाळीस वर्षं प्रती लिहिल्यात तुम्ही. मुद्दाम केलंत हे. मला तोंडघशी पाडायला."

"मला ठाऊक होतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "ज्याला ठाऊक आहे, तो पुस्तक कशाला उघडेल? उघडतो कोण? ज्याचं अडलंय तो. आणि अडतं कधी? काम हातात असताना."

हेमांगीने लॅपटॉपकडे पाहिलं. अनुक्रमणिका समोर होती. किती वेळा ती नुसती ही अनुक्रमणिका उघडून बसली होती, आणि स्वतःवरच खूश झाली होती! आता तीच डोळ्यांसमोरून हलेना. शब्द सुरांखाली लिहिणाऱ्याला लागणारी जोडरेघ तिने छपाईच्या प्रकरणात टाकली होती. ढोलवाल्याची खूण चिन्हांच्या प्रकरणात. कारण ती रीतसर तिथलीच होती. ज्याच्या त्याच्या घरी, अगदी शिस्तीत.

फिनलंडच्या एका गृहस्थांनी तिला कळवलं होतं, मांडणी सुंदर आहे, पण हवं ते वेळेवर सापडत नाही. हेमांगीने ते हसण्यावारी नेलं होतं. जुन्या माणसांना नवं रुचत नाही, म्हणाली होती.

आता तिला हसू आलं नाही.

"म्हणजे सगळं चुकलं?"

"चुकलं कुठे? एक सूर चुकलेला नाही त्यात. मी सांगितलं ना, देखणं झालंय."

"मास्तर, उद्या हे पास होणार आहे. कोणी विरोध करणार नाही. पक्कं होऊन जाईल हे!"

"होईल की. देखणं आहे ना."

हे तिला फार लागलं. डोळे भरून आले आणि तिने ते भरू दिले. मास्तरांपुढे रडायची तिला लहानपणापासून सवय होती, आणि मास्तरांना न पाहिल्यासारखं करायची.

ते आत जाऊन स्वतःच्या हाताने चहा करून घेऊन आले. कपबशी तिच्यापुढे ठेवली.

हेमांगीपुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, उद्या नाव लावून घ्यावं, पेढे वाटावेत आणि मग सावकाश दुरुस्त्या कराव्यात. कोणाला काही कळलं नसतं. फिनलंडच्या गृहस्थांनीही मत दिलंच असतं. नाहीतर...

चहावर साय धरली तरी कप तसाच होता.

मग तिने लॅपटॉपवर निरोप लिहिला. मंडळींनो, उद्याचं मतदान रद्द करावं. पुस्तिकेत माझ्या हातून एक मुळातलीच चूक झाली आहे. कारण सविस्तर कळवते. खाली आपलं नाव लिहिलं. बोट जरा अडलं, पण तिने निरोप पाठवून टाकला.

पाठवला आणि ताठ बसली.

"पुन्हा लावते," ती म्हणाली. "मीच लावते. सगळी उसवते आणि एकेका माणसाला पुढ्यात बसवून लावते. प्रत काढणारा आला की त्याला लागेल ते सगळं त्याच्याजवळच ठेवते. चार वेळा सांगावं लागलं तर चार वेळा सांगीन. आणि सांगून ठेवते मास्तर, हे दुसऱ्या कोणाच्याही बापाला जमायचं नाही!"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग मिशीच्या आडून हुंकारले.

हाच तो हुंकार. हेमांगीच्या अंगावर काटा आला. 'देखणं' ऐकून झाला नव्हता एवढा आनंद तिला झाला, आणि तो लपवायला म्हणून तिने गार चहा एका दमात पिऊन टाकला.

"शोभतेस माझी चेली," मास्तर म्हणाले. आणि स्वतःच इतके खूश झाले, की मिशीला दोन्ही बाजूंनी पीळ दिला.

हेमांगी निघायला उठली. दारापाशी घुटमळली. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायची लाजही वाटत होती.

"मास्तर..."

"बोल."

"ते नाव. पहिल्या पानावर लागणार होतं ना, माझं..." तिने चपलेचा पट्टा उगाच सरळ केला. "आता नवी लावीन, तेव्हा... लावू की नको लावू?"

"न लावायला काय झालं? कष्ट कोणाचे? लाव. ठळक अक्षरात लाव."

"खरंच?"

"हो. शेवटच्या पानावर."

"शेवटच्या?" हेमांगीचा चेहरा पडला. "तिथवर कोण जातंय मास्तर?"

मास्तरांनी दार उघडून धरलं.

"कोणाला जावं लागू नये, असं लिही."