नायलॉनचे दोन स्क्रू

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंकडे पोट फाटलेले विमान घेऊन आली. हे विमान हलक्या बाल्सा लाकडाचे होते. ते दोन्ही हातांत मावे, आणि खाली उभे राहून रिमोटवर चालवले की आकाशात कोलांट्या घेई. गुरू म्हणजे माळाच्या कडेला राहणारे एक वृद्ध गृहस्थ. अशी विमाने बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि ज्याला हौस असेल त्याला ते शिकवीत.

शिष्या पन्नाशीला आलेली. दिवसभर नोकरी, आणि घरी अंथरुणाला खिळलेले वडील. रविवारी सकाळी शेजारीण वडिलांजवळ थोडा वेळ बसे. आठवड्यातला तेवढाच काय तो तिचा मोकळा श्वास.

"काका, हे शेवटचं," विमान टेबलावर ठेवत ती म्हणाली. "आता तुटलं तर मी हा नाद सोडणार. पुन्हा पुन्हा जोडायचं त्राण नाही उरलं."

"बस आधी. चहा घे."

"नको. बसले तर उठायची नाही मी."

गुरूंनी विमान उलटे केले. चाकांचे पाय ज्या फळीला जोडतात, ती फळी आजूबाजूच्या लाकडासकट उपटून आली होती. सगळीकडे गोंदाचे थरावर थर.

"हे पोलादी स्क्रू कुणी लावले?"

"मीच. मूळचे नायलॉनचे होते, पहिल्याच दिवशी तुटले. मग पोलादी लावले, फळी जाड केली. तरी दर वेळी इथेच फाटतं. अजून जाड करू?"

"कर की. म्हणजे विमानाचा पाटा होईल. वरवंटा तेवढा माझ्याकडून घेऊन जा."

ती कसनुसे हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पाहिले आणि बंद केला. "भाऊ आहे. बाबांना महिनाभर त्याच्याकडे नेतो म्हणतो. त्याला काय जमणार? औषधाच्या वेळा चुकवील. मी आहे तोवर मीच करीन."

गुरूंनी जुना गोंद खरवडून काढला. नवी, पातळ प्लायवूडची फळी बसवली, आणि तिच्यापासून पुढच्या-मागच्या चौकटींपर्यंत कार्बन फायबरच्या बारीक, चिवट पट्ट्या चिकटवल्या. शिष्येला ते पटले. पण मग त्यांनी पोलादी स्क्रू डब्यात टाकले आणि पाय बसवायला नायलॉनचे दोन पांढरे स्क्रू घेतले.

"काका! एवढं भक्कम करून शेवटी हे? मुद्दाम तोडायचंय का माझं विमान?"

"गोंद वाळू दे. पुढच्या रविवारी उडव, मग भांड माझ्याशी."

पुढच्या रविवारी विमान छान उडाले. वर चढले, पाठीवर झाले, गिरकी घेऊन सरळ झाले. पण रात्रभर वडिलांपाशी जागलेल्या तिच्या हातांना उतरतानाचा अंदाज चुकला. विमान जोरात आदळले. कट्कन आवाज झाला, चाके एकीकडे उडाली आणि विमान पोटावर गवतातून घसरत गेले.

ती जागची हलली नाही. "संपलं," एवढेच म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

गुरू सावकाश चालत गेले, विमान उचलून आणले आणि तिच्या मांडीवर उलटे ठेवले. पोटाला गवताचा हिरवा डाग पडला होता. बाकी ओरखडासुद्धा नव्हता. फळी जागच्या जागी होती. फक्त दोन स्क्रू तुटले होते. गुरूंनी खिशातून दोन नवे काढले.

"भक्कम करायचं म्हणजे काहीच सुटू द्यायचं नाही, असं तू धरून चाललीस," स्क्रू पिळत ते म्हणाले. "जिथे भार पेलायचा तिथे आपण पट्ट्या लावल्याच ना? पण आदळणं कुणाला चुकलंय? त्या वेळी काहीतरी सुटायला हवं. स्क्रू सुटला तर दुसरा लावता येतो. तो सुटत नाही, तेव्हा पोट फाटतं." मग थोडे थांबून म्हणाले, "औषध अर्धा तास उशिरा मिळालं, तर तो स्क्रू समज. पोट म्हणजे तू आहेस, बाई."

ती बराच वेळ त्या हिरव्या डागावरून बोट फिरवीत राहिली. फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला.

"हं, बोल... ये. उद्याच ये, घेऊन जा त्यांना. आणि हे बघ, त्यांना चहा बशीतूनच लागतो, दूध आधी..." ती मध्येच थांबली. "राहू दे. ते सांगतील तुला."

तिने फोन पिशवीत ठेवला. "काका," ती म्हणाली, "तो चहा टाकता का आता?"